मुद्गल, विटी आणि बांबूवरचा चेंडू

सीमाभागातल्या जुन्या तालमीत गेलं की कोनाड्यात मारुती दिसतो, पुढ्यात ताक, तेल आणि हळद घालून मऊ केलेली तांबडी माती दिसते, आणि एका भिंतीला टेकून मुद्गलांची जोडी उभी असते. मारुतीवर आणि मातीवर आपल्याकडे भरपूर लिहून झालं आहे. बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यातल्या कुस्त्या, शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कोल्हापुरात उभारलेलं खासबाग मैदान, हे आमच्या खानापूर तालुक्यातल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतं. मुद्गल मात्र भिंतीलाच टेकलेले राहिले. त्यांच्याविषयी मी लिहिते आहे, कारण नोकरीची सगळी वर्षं मी मुलींना टोला मारायला शिकवलं, आधी सॉफ्टबॉलचा आणि नंतर बेसबॉलचा. त्या टोल्याचा मागोवा घेत गेले तेव्हा एक वाट तालमीत निघाली आणि दुसरी भात कापून मोकळ्या झालेल्या शिवारात.

माझं गाव गुंजी. खानापूर आणि लोंढा यांच्या मधलं रेल्वे स्टेशन म्हणून ते लोकांना ठाऊक असतं, नाहीतर माउलीदेवीचं गाव म्हणून. माझे आज्जा तालमीतले. म्हातारपणी त्यांनी आपली जोडी घरी आणली आणि ती माजघराच्या दाराआड उभी राहिली. तालमीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही हा रिवाज गावोगाव होता, तसा आमच्याकडेही होता. जोडी घरी आली म्हणूनच मला ती हातात धरायला मिळाली.

ज्यांनी मुद्गल बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. सागाचा किंवा शिसवीचा एकसंध ओंडका, खाली जाड आणि वर निमुळता होत मुठीत मावेल एवढा. वजन सगळं खालच्या टोकाला. मूठ धरून तो छातीसमोर उभा धरायचा, खांद्यावरून पाठीमागे सोडायचा, पाठीशी झोका घेऊ द्यायचा आणि वर काढून पुन्हा समोर आणायचा. अशा फिरवण्याच्या एकेका तऱ्हेला ‘हात’ म्हणतात आणि जुन्या वस्तादांना असे कितीतरी हात यायचे. नवशिका दंडाच्या जोरावर मुद्गल ओढायला बघतो. तो येत नाही. आलाच तर खांदा धरतो. आज्जा सांगायचे, “ओढू नको बाळे त्याला. पडतोय तिकडं पडू दे. मग कंबर फिरीव, आपसूक येतोय बघ.”

टोल्याचं अर्धं शास्त्र त्या सांगण्यात आहे. बेसबॉलच्या बॅटचंही वजन लांबच्या टोकाला असतं. ती नुसत्या हातांनी ओढली की उशिरा येते आणि येताना खाली झुकते. खरा जोर मागच्या पायाच्या चवड्यातून निघतो, गुडघ्यातून कमरेत येतो, कंबर वळली की छाती वळते, छातीमागून खांदे, आणि हात सगळ्यात शेवटी. जातं खुंट्याभोवती फिरतं तसं अंग कण्याभोवती फिरलं पाहिजे. खुंटा हलला की पीठ जाडं पडतं. मुलींना मी हे जात्यानंच समजावते, कारण आमच्या बाजूच्या पुष्कळ घरांत अजून जातं आहे आणि त्यावर बसलेली आज्जी त्यांनी पाहिलेली आहे.

समोर जिवंत प्रतिस्पर्धी न ठेवता अंगाला आधी एकट्यानं वळण लावायचं, ही कल्पना आपल्या मातीत फार जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लांच्या मेहनतीचे प्रकार दिले आहेत आणि त्यांत ‘स्तंभश्रम’ आहे. रोवलेल्या खांबाशी मल्लानं झटायचं, कारण खांब दमत नाही, चिडत नाही आणि फसवतही नाही. मल्लखांबाचा सर्वांत जुना उल्लेख म्हणून अभ्यासक याच जागेकडे बोट दाखवतात. आमच्या तालुक्यातलं हलशी हे गोव्याच्या कदंबांचं दुसरं राजधानीचं ठिकाण, आणि त्या घराण्यातल्या दुसऱ्या जयकेशीची राणी मैलालदेवी ही या सोमेश्वराची बहीण. हलशीच्या भूवराह नरसिंहाच्या देवळात गेले की मला ही सोयरीक आठवते. ज्या दरबारात खांबाशी झुंजण्याचं शास्त्र लिहिलं गेलं, तो आमच्यापासून फार लांबचा नव्हता.

आता मुद्गलाचा प्रवास. बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये मन्रोच्या फौजेनं घेतला आणि पाठोपाठ तिथे छावणी बसली, तशा त्या काळात हिंदुस्थानभर छावण्या बसत होत्या. शिपाई आणि पैलवान जोडी फिरवताना इंग्रज अधिकाऱ्यांनी पाहिले. खांदे आणि छाती मोकळी करायला हा व्यायाम उत्तम आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी जोडी हलकी केली, सारखी तासून घेतली आणि पलटणीच्या कवायतीत आणली. डोनाल्ड वॉकर नावाच्या लेखकानं १८३४ मध्ये लंडनला पुरुषांच्या व्यायामांवर पुस्तक काढलं, त्यात ‘इंडियन क्लब’ आले. पुढच्याच वर्षी त्यानं स्त्रियांच्या व्यायामांचं पुस्तक लिहिलं आणि त्यात हेच मुद्गल आणखी हलके करून, ‘इंडियन सेप्टर’ या दिमाखदार नावानं, बायकांच्या हाती दिले. १८३५ साली लंडनच्या दिवाणखान्यात बाई मुद्गल फिरवू शकत होती. आमच्या तालमीच्या उंबऱ्याबाहेर त्यानंतरच्या किती पिढ्या थांबल्या हे मनात आलं की मला अजून राग येतो.

तिथून जोडी अटलांटिकपार गेली. सिम केहो या गृहस्थानं इंग्लंडमध्ये हे क्लब पाहिले, न्यू यॉर्कला परतून ते बनवायला आणि विकायला घेतले आणि १८६६ मध्ये त्यांच्यावर एक मोठं सचित्र पुस्तक छापलं. बेसबॉल तेव्हा नुकता बाळसं धरत होता. अमेरिकेत हिवाळ्यात मैदानं बर्फाखाली जातात, मग खेळाडू व्यायामशाळेत शिरत आणि तिथे खांदे, मनगटं, कंबर सैल ठेवायला इंडियन क्लब फिरवत. शिकागोचा पिचर अल्बर्ट स्पाल्डिंग यानं १८७६ मध्ये खेळाच्या सामानाचं दुकान घातलं, आणि पुढे त्याच्या कंपनीच्या मालाच्या यादीत चेंडू आणि बॅटींबरोबर इंडियन क्लबही झळकू लागले. त्याच स्पाल्डिंगनं १८८८-८९ मध्ये बेसबॉलचे दोन संघ घेऊन जगप्रदक्षिणा केली. ते कोलंबोला खेळले, तिथून इजिप्तला जाऊन पिरॅमिडांच्या पायथ्याशी खेळले. हिंदुस्थान वाटेतच राहिला. बेसबॉल आपल्या किनाऱ्यावरून पुढे गेला, पण आपला मुद्गल त्याच्या दुकानात आधीच पोचलेला होता.

ऑलिंपिकमध्ये क्लब फिरवण्याची स्पर्धा दोनदा झाली, १९०४ मध्ये सेंट लुईसला आणि १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला. दोन्ही वेळा पहिले तिघेही अमेरिकन. १९३२ चा विजेता जॉर्ज रॉथ मंदीच्या तडाख्यात बेकार झालेला होता. सुवर्णपदक घेऊन तो मैदानाबाहेर आला आणि रस्त्यावर गाड्यांना हात करत घरी गेला. दोन्ही स्पर्धांत आपलं कुणी नव्हतं. चार वर्षांनी, १९३६ मध्ये, अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिन ऑलिंपिकला देशी व्यायाम आणि खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला गेला. त्याच वर्षी बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे खंड निघू लागले, १९४९ पर्यंत दहा झाले. मराठीत एवढं मोठं काम होऊनही ते फार थोड्या शाळांच्या कपाटात दिसतं, याचं मला वाईट वाटतं. क्रीडाशिक्षकाच्या शिक्षणात त्याचा एकतरी खंड वाचायला लावला पाहिजे.

तालीम पुरुषांची असली तरी शिवार सगळ्यांचं होतं. सुगी सरली, भाताच्या गंज्या रचल्या गेल्या, की वाफे कडक होतात, बांध सपाट होतात आणि विटी-दांडूचा मोसम येतो. दोन फुटांच्या आसपास दांडू, वीतभराहून आखूड, दोन्ही टोकांना तासलेली विटी. जंगल शेजारी असल्यामुळे आम्हाला लाकडाची कमी नव्हती. विटीला खैर किंवा बाभूळ, कारण मऊ लाकडाची विटी दोन दिवसांत फुटायची. टाचेनं गल खणायची, तिच्यावर विटी आडवी ठेवायची आणि दांडूनं कोलायची. झेल गेला की डाव गेला. नाहीतर विटीच्या टोकावर दांडूचा ठोका द्यायचा, ती उडाली की टोला, आणि जिथे पडेल तिथपासून गलीपर्यंत दांडूनं मोजायचं: वकट, लेंड, मूंड, नाल. मोजणी ज्या नावाला संपेल त्यावरून पुढचा टोला कुठून मारायचा ते ठरायचं. कधी पायाच्या चवड्यावर ठेवलेली विटी उडवून, कधी मुठीवरून, कधी मान मागे टाकून मिटल्या डोळ्यावर ठेवलेली.

या खेळाचं मोल मला शिकवायला लागल्यावर समजलं. विटी-दांडूत टोला मारणाऱ्याला समोरून कुणी काही टाकत नाही. विटी आधी स्थिर असते, ती उडवायचीही आपण आणि टोलवायचीही आपण. वेळ आपल्या हातात, उंची आपल्या हातात. चूक झाली तर ती आपल्या अंगाची, दुसऱ्या कुणाची नव्हे, आणि ती तिथल्या तिथे दिसते: दांडू विटीच्या वरून गेला, खालून गेला, लवकर आला, उशिरा आला. शिवाय चवडा, मूठ, डोळा असं करत खेळ स्वतःच उंची बदलायला लावतो. कुणी शिक्षक नाही, शिट्टी नाही, तरी पोरीबाळींच्या कमरा वळायला लागतात. मी भावांबरोबर खेळले म्हणून ओरडा खाल्ला, पण कॉलेजात पहिल्यांदा सॉफ्टबॉलची बॅट हातात आली तेव्हा मला नव्यानं शिकावं लागलं ते फक्त धावणं आणि नियम. टोला अंगात होता.

समोरून कुणीतरी सतत चेंडू टाकावा आणि आपण मारत राहावं, ही चैन सगळ्यांना परवडत नव्हती. ज्यांना परवडली त्यांनी ती कुणाच्या जिवावर केली तेही लक्षात ठेवलं पाहिजे. क्रिकेटपटू पाळवणकर बाळू १८७६ साली धारवाडला जन्मले, म्हणजे आमच्या शेजारच्या जिल्ह्यात. पुण्यातल्या इंग्रजांच्या क्लबात ते नोकर होते: खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायची आणि साहेबांना चेंडू टाकत राहायचं. कॅप्टन ग्रेग तर इतरांच्या आधी येऊन तासन्‌तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करायचा. त्या सरावात बाळूंची बोटं घडली हे खरं. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. पण चांभार कुळातल्या त्या माणसाला जाळीत बॅट कुणी धरू दिली नाही. आपल्या पहिल्या थोर गोलंदाजानं साहेबाचा टोला सुधारला आणि त्याला स्वतःला टोला शिकायची मुभा नव्हती. हिंदू संघाचं कप्तानपदही बाळूंना मिळालं नाही. ते पुढे १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना मिळालं.

म्हणून मला बॅटिंग टी या साध्या वस्तूबद्दल एवढी आपुलकी आहे. कमरेएवढा एक दांडा, वर रबराची नळी, नळीवर चेंडू. त्याला पगार लागत नाही आणि कुणाला कुणासमोर राबावं लागत नाही. अमेरिकेत तिला मान मिळवून देणाऱ्यांत ब्रँच रिकी हा ब्रुकलिन डॉजर्सचा कारभारी होता. फ्लोरिडातल्या व्हेरो बीचला १९४८ पासून त्यानं संघाचं शिबिर बसवलं, तिथे पिचरसाठी दोऱ्या ताणून चौकट केली आणि फलंदाजांसाठी टी मांडल्या. भल्याभल्या व्यावसायिक खेळाडूंना त्यानं स्थिर चेंडूसमोर उभं केलं. हाच रिकी, ज्यानं त्याच्या आदल्या वर्षी, १९४७ मध्ये, जॅकी रॉबिन्सनला मैदानात उतरवून गोऱ्यांच्या बेसबॉलची वर्णाची भिंत फोडली. पुढच्या काळात सान दिएगोचा टोनी ग्विन, ज्यानं नॅशनल लीगमध्ये आठ वेळा सरासरीचा अव्वल क्रमांक पटकावला, तोही टीवरचा सराव सोडत नसे. टी लहान पोरांसाठी असते असं मानणाऱ्या पालकांना मी हे नाव सांगते.

स्थिर चेंडू एवढा का लागतो, तर चालता चेंडू विचार करायला वेळच देत नाही. बेसबॉलमध्ये पिचर साडेसाठ फुटांवर, म्हणजे १८.४४ मीटरवर उभा असतो. ताशी १४५ किलोमीटरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. त्यातला बराच वेळ चेंडू ओळखण्यात जातो. कोपर कुठे, टाच कुठे, हे तेव्हा आठवायचं नसतं. ते अंगात आधीच मुरलेलं लागतं. मुरायला जागा टीची.

आमच्या शाळेत टी विकत घ्यायला पैसे नव्हते. मग बांबू कापला, एक टोक तासून मातीत रोवलं, दुसऱ्या टोकावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि त्यावर चेंडू ठेवला. तीन उंचींचे बांबू केले, गुडघ्याचा, कमरेचा आणि छातीचा. समोर जुन्या मच्छरदाण्या दुहेरी टांगल्या. बांबू स्वतःच मास्तर असतो. मुलीचा मागचा खांदा पडला की बॅट चेंडूखालच्या ट्यूबवर आदळते आणि ‘फट्’ असा आवाज येतो. मला बोलावंच लागत नाही. चेंडूच्या डोक्यावर बॅट बसली तर तो जमिनीवर घरंगळतो. बरोबर मध्ये बसला तर सरळ रेषेत जाऊन जाळीच्या पोटात शिरतो.

बांबू कुठे रोवायचा यालाही महत्त्व आहे आणि इथे घाई करणारे शिक्षक चुकतात. ते टी पोटासमोर रोवतात, मग मुलगी चेंडू अंगाशी आल्यावर मारायची सवय लावून घेते. मधला चेंडू पुढच्या पायाच्या रेषेत भेटला पाहिजे. अंगाजवळून जाणारा त्याहून थोडा पुढे, आणि बाहेरून जाणारा थोडा मागे, तोही विरुद्ध बाजूच्या मैदानात ढकलण्यासाठी. मी टी हलवत नाही, मुलीला हलवते. मातीत तिच्या पावलांच्या खुणा आखून ठेवते. बांबू जागचा हलत नाही म्हणून अंतराची समज पायांना येते.

आणि टीच्या आधी मुद्गल. शाळेसाठी सुताराकडून हलक्या जोड्या करून घेतल्या, सव्वा-दीड किलोच्या आतल्या. आधी पाठीमागून झोक्याचा हात, मग एका हाताचा, मग दोन्ही मुठी एकाच मुद्गलावर धरून आडवा हात. तो बॅटीच्या अगदी जवळ जातो. ज्या मुलींचे हात कमरेच्या पुढे पळतात त्यांच्यासाठी यासारखा उपाय मला कुठल्या परदेशी पुस्तकात मिळाला नाही. मुद्गल त्यांना थांबायला लावतो. तो मागे पडून पुरता खाली जाईपर्यंत काही करता येत नाही, आणि तेवढ्या वेळात कंबर आपोआप आधी वळते. मग बॅट घेऊन बांबूसमोर उभं केलं की चेंडूचा आवाज बदललेला असतो, आणि तो आवाज मुलींना स्वतःलाच ऐकू येतो.

पालकांची कुरकुर सुरुवातीला असायची. पोरीनं मुद्गल फिरवला तर दंड पुरुषासारखे होतील, ही शंका मी बायकांच्या तोंडूनच जास्त ऐकली. त्यांना मी मैदानावर बोलावलं आणि जोडी हातात दिली. भात लावणाऱ्या, डोक्यावर भारे वाहणाऱ्या त्या बायकांनी पहिल्याच हाताला ती अशी लीलया फिरवली की पोरी बघत राहिल्या. नंतर शंका कुणी काढली नाही.

आता एक काम उरलं आहे आणि ते एकटीनं होणारं नाही. आज्जांना जे हात येत होते त्यांतल्या थोड्यांचीच नावं माझ्यापाशी आहेत, आणि फिरवण्याची रीत त्याहून थोड्यांची. खानापूर, नंदगड, जांबोटी, लोंढा, तिकडे निपाणीपर्यंत ज्यांच्या घरी जुने वस्ताद आहेत त्यांनी त्यांना जोडी हातात देऊन विचारावं, आणि शक्य असेल तर ते फिरवत असताना मोबाइलवर चित्रण करून ठेवावं. चित्रण बाजूनं घ्या, समोरून नको. समोरून कंबर केव्हा वळते ते दिसत नाही. आणि पावलं चौकटीत येऊ द्या.